विरळ शब्दांचा अर्थनिर्णय : हित्ती लेख व वाकाटक ताम्रपट

बोगझकोई येथील इष्टिकालेखांत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य हीं नांवें सांपडल्यापासून आमच्याकडील कित्येक संस्कृतज्ञांस हित्ती भाषा घरचीच वाटूं लागली. अपरिचित शब्द दिसला कीं धातुपाठ उघडावा, आणि नाद जुळला कीं अर्थ ठरला असें समजावें, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. त्या देवता मुळांत मितन्नीच्या राजानें तहांत आपल्या बाजूचे साक्षी म्हणून घातलेल्या आहेत.

१९१५ सालीं ह्रोझ्नी यानें हित्तीचा उलगडा केला तोही केवळ नादावरून नव्हे. भाकरीचें सुमेरी चिन्ह त्यास आधींच ठाऊक होतें. भाकरीशेजारचें क्रियापद खाण्याचें असावें हें प्रकरणानें सुचविलें, मग ‘अद्’ धातूची साक्ष मिळाली. पुढचें पिण्याचें क्रियापद ‘एकु’. तेथें आमचा ‘पा’ कांहींच उपयोगी पडत नाहीं, तरी शेजारच्या ‘वादर’ म्हणजे पाण्यामुळें अर्थ अडला नाहीं.

मितन्नी देशच्या किक्कुली नामक अश्वशिक्षकाच्या हित्ती ग्रंथांत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द येतात. संख्या उघड आहेत. पण ‘वर्तन’? मराठींत तें आचरण, संस्कृतांत उपजीविकाही. ग्रंथांत घोड्याच्या दौडीचा हिशेब चालला आहे, म्हणून फेरा हाच अर्थ. ‘सत्त’ पाहून मराठी वाचकास ‘सात’ आठवतो व प्राकृताचा भास होतो. परंतु मितन्नीची लोकभाषा हुर्री होती, आणि ‘प्त’चा ‘त्त’ तिच्या संसर्गानेंही झाला असेल. एवढ्यावरून प्राकृताचा काळ मागें नेणें हें साहस होय.

असाच एक शब्द आमच्या विदर्भांत आहे. द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटांत दिलेला गांव ‘अभटच्छात्रप्रावेश्य’ म्हटला आहे. छात्र म्हणजे विद्यार्थी, हें आम्ही जन्मभर शाळेंत शिकविलें. परंतु सहस्र ब्राह्मणांस दिलेल्या गांवांत विद्यार्थ्यांस मज्जाव संभवत नाहीं. ‘छत्र’ शब्दावरून छत्रधारी असा अर्थ करावा, तर व्याकरण निर्दोष, पण छत्रधाऱ्यापासून गांवास उपद्रव तो कोणता? इतर राजांच्या शासनांत त्याच जागीं ‘अचाटभटप्रावेश्य’ असें येतें. भट म्हणजे शिपाई. चाटांची गणना तर याज्ञवल्क्यस्मृतींत चोरांबरोबर केली आहे! तेव्हां छात्र हाही, ज्याच्या येण्यानें गांवास खर्च व जाच सोसावा लागे, असा कोणी राजपुरुषच. त्याचें नेमकें काम एकट्या शब्दांतून निघणार नाहीं. मिराशी यांनीं वाकाटकांचे लेख १९६३ सालीं एकत्र छापिले असल्यानें सर्व पटांतील स्थळें ताडून पाहणें आतां अवघड नाहीं.