रिकाम्या रकान्याची साक्ष : कॅनडांतील हौशी मुष्टियुद्धाच्या अलीकडील इतिहासाचें परीक्षण

२०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांतील वायट सॅनफर्ड या मुष्टियोद्ध्यास ६३.५ किलो वजनाच्या गटांत कांस्यपदक मिळालें. त्यापूर्वीचें त्या देशाचें या खेळांतील पदक १९९६ सालचें. अटलांटा येथें डेव्हिड डेफिआग्बॉन यांनीं मिळविलेलें रौप्यपदक तें होय. या दोन नोंदींवरून एक सिद्धांत झटपट रूढ झाला. १९९६ पर्यंत कॅनडांतील हौशी मुष्टियुद्ध भरभराटींत होतें, पुढें अठ्ठावीस वर्षें तेथें दुष्काळ पडला, व २०२४ सालीं पहिला पाऊस झाला, असा तो सिद्धांत आहे. प्रस्तुत लेखांत त्याची छाननी करावयाची आहे.

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु ज्या पुराव्यावर हा सिद्धांत उभा आहे तो पुरावा आपल्या अगदीं ओळखीचा आहे. ती एक यादी आहे. डावीकडे साल, मध्यें नांव, उजवीकडे पदक. ज्या सालीं पदक नाहीं तेथें रकाना रिकामा. रिकाम्या रकान्यावरून काय सिद्ध होतें, हा प्रश्न वंशावळी जुळविणाऱ्यास, शकावली लावणाऱ्यास आणि त्रुटित पोथीचें संपादन करणाऱ्यास नित्य पडतो. पोथीचें सातवें पान हरवलें असेल तर कवीनें तेवढे श्लोक रचलेच नाहींत असें कोणी म्हणत नाहीं. कॅनडाच्या यादीच्या बाबतींत मात्र तसें म्हटलें गेलें आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं करून ठेवला आहे. भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदान्ती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. वस्तु न दिसणें हेंच तिच्या अभावाचें ज्ञान करून देतें. परंतु त्यास त्यांनीं योग्यतेची अट घातली आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति असेल तरच तो न दिसल्यानें त्याचा अभाव सिद्ध होतो. दिवा लागलेल्या खोलींत घट दिसला नाहीं तर घट नाहीं. अंधाऱ्या खोलींत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. तेव्हां यादींतील प्रत्येक रिकाम्या रकान्याविषयीं आधीं विचारलें पाहिजे कीं, येथें दिवा होता काय?

प्रथम १९९६ पर्यंतचा भाग पाहूं. १९२० पासून त्या सालापर्यंत कॅनडास या खेळांत एकूण १७ पदकें मिळालीं. त्यांपैकीं ९ पदकें शेवटच्या चार ऑलिंपिकांतील आहेत. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें शॉन ओसलिव्हन व विली डिविट यांस रौप्य आणि डेल वॉल्टर्स यांस कांस्य. १९८८ सालीं सोल येथें लेनॉक्स लुईस यांस सुवर्ण, एगर्टन मार्कस यांस रौप्य आणि रे डाऊनी यांस कांस्य. १९९२ सालीं बार्सिलोना येथें मार्क लेडूक यांस रौप्य व ख्रिस जॉन्सन यांस कांस्य. आणि शेवटीं डेफिआग्बॉन. १९३२ चें पदक व १९८४ चें पदक यांमध्यें मात्र बावन्न वर्षांचा खंड आहे. म्हणजे जी नित्याची सुबत्ता समजली जाते ती वस्तुतः बारा वर्षांची होती. शिवाय १९८४ व १९८८ या दोन्ही वेळीं क्यूबानें भाग घेतला नव्हता, आणि १९८४ सालीं सोव्हिएट संघही अनुपस्थित होता. यामुळें लुईस यांचें सुवर्ण हलकें ठरत नाहीं. अंतिम लढतींत अमेरिकेचे रिडिक बो यांस त्यांनीं दुसऱ्याच फेरींत असें जेरीस आणलें कीं लढत थांबवावी लागली, पंचांच्या गुणांची गरजच उरली नाहीं. तथापि त्या दोन ऑलिंपिकांत प्रबळ प्रतिस्पर्धी रिंगणांत नव्हते, हें टिपण यादीच्या समासांत असावयास हवें. भरलेला रकानाही संदर्भावांचून वाचूं नये.

आतां १९९६ नंतरचा पुरुषांचा भाग. येथें दिवा होता, हें कबूल केलें पाहिजे. पुरुषांसाठीं दार पूर्वींप्रमाणेंच उघडें होतें, वजनगट भरपूर होते, आणि तरीही २००८ सालीं बीजिंग येथें कॅनडाचा एकच मुष्टियोद्धा पोहोंचला व पहिल्याच लढतींत हरला. ही योग्य अनुपलब्धि होय. पुरुषांच्या मुष्टियुद्धास ओहोटी लागली होती हा निष्कर्ष तिच्यावरून काढण्यास हरकत नाहीं. याही भागांत एक रकाना सावधपणें वाचावा लागतो. २०१२ सालीं लंडन येथें नोव्हा स्कोशियाचेच कस्टिओ क्लेटन उपांत्यपूर्व लढतींत ब्रिटनच्या फ्रेड एव्हन्स यांच्याशीं १४-१४ अशा सम गुणांवर आले. पंचांच्या गुणांची फेरमोजणी होऊन निर्णय एव्हन्स यांच्या बाजूनें लागला, व कॅनडानें केलेली तक्रार फेटाळली गेली. या खेळांत उपांत्य लढत हरणाऱ्या दोघांसही कांस्यपदक देतात. म्हणजे बरोबरींत आलेली ती एक लढत दुसऱ्या बाजूस कलती तर 'दुष्काळ' अठ्ठावीस वर्षांचा न राहतां सोळांचा झाला असता. ज्या सिद्धांताचा आकडा फेरमोजणीवर लोंबकळतो, तो सिद्धांत बेतानेंच बोलावा.

परंतु या परीक्षणाचा मुख्य मुद्दा स्त्रियांच्या भागांत आहे. कॅनडांत स्त्रियांची पहिली अधिकृत हौशी लढत १९९१ सालीं जेनी रीड व तेरेझ रोबिताय यांच्यांत झाली. तोंवर त्यांस रिंगणाची बंदी होती. स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००१ सालीं अमेरिकेंतील स्क्रँटन येथें भरली. ऑलिंपिकांत त्यांस प्रवेश देण्याचा निर्णय २००९ सालीं झाला व तो २०१२ सालीं अमलांत आला. आतां या सालांशेजारीं पुढील नोंदी ठेवाव्या. ओंटारिओ प्रांतांतील ओजिब्वे वंशाच्या मेरी स्पेन्सर यांनीं २००५, २००८ व २०१० अशीं तीन जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं. क्वेबेकच्या आरियान फॉर्टिन यांनीं २००६ व २००८ सालीं दोन मिळविलीं. त्यांतील पहिलें तर आपल्याच देशांत, नवी दिल्ली येथें. सारांश, २००८ सालीं कॅनडापाशीं दोन जगज्जेत्या होत्या, आणि त्याच सालच्या ऑलिंपिक यादींत त्या देशाचा रकाना रिकामा आहे. त्या रिकामेपणाचें कारण बळाचा अभाव नसून दाराचा अभाव होय. ज्यास दुष्काळ म्हटलें त्या काळांत पीक उभें होतें; मोजणीदार त्या शेतांत गेलाच नव्हता.

दार उघडलें तेंही किलकिलें. लंडन येथें पुरुषांस दहा वजनगट होते, स्त्रियांस तीन. ५१, ६० व ७५ किलो. सर्व जगांतून मिळून स्त्रिया छत्तीस. स्पेन्सर यांचीं पहिलीं दोन अजिंक्यपदें ६६ किलोचीं होतीं, फॉर्टिन यांचीं ७० ची. ते गटच तेथें नव्हते. दोघींस ७५ च्या गटांत चढावें लागलें, आणि देशास त्या गटांत एकच जागा असल्यानें दोघी जगज्जेत्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी झाल्या. स्पेन्सर निमंत्रणाच्या जागेवर लंडनला गेल्या व पहिल्या लढतींत हरल्या. फॉर्टिन यांस २०१६ पर्यंत थांबावें लागलें. आपल्या मणिपूरच्या मेरी कोम यांसही त्याच कारणानें ४८ वरून ५१ च्या गटांत जावें लागलें होतें. त्यांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें, ही गोष्ट त्यांच्या थोरवीची आहे, नियमाच्या न्याय्यतेची नव्हे. ज्या ६६ किलोच्या गटांत स्पेन्सर जगज्जेत्या झाल्या तो स्त्रियांचा गट ऑलिंपिकांत आला २०२४ सालीं.

रिकाम्या रकान्यास पराभव समजण्याची चूक केवळ वार्ताहरच करतात असें नाहीं. ओंटारिओच्या मँडी बुजोल्ड या अकरा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या, २०११ व २०१५ च्या पॅन-अमेरिकन सामन्यांत सुवर्ण जिंकणाऱ्या. २०२१ सालीं साथीमुळें अमेरिका खंडाची पात्रता-स्पर्धा रद्द झाली, तेव्हां २०१८ व २०१९ या वर्षांतील तीन ठराविक स्पर्धांवरून क्रम लावून जागा वाटण्याचें अधिकाऱ्यांनीं ठरविलें. त्या तीनही स्पर्धांच्या वेळीं बुजोल्ड गरोदर तरी होत्या किंवा बाळंतपणांतून उठत होत्या. त्यांची कन्या नोव्हेंबर २०१८ मध्यें जन्मली. त्यांच्या नांवापुढें शून्य पडलें, आणि शून्याचा अर्थ अपात्र असा लावला गेला. त्यांनीं लोझान येथील क्रीडा-लवाद न्यायालयाकडे दाद मागितली. ३० जून २०२१ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, पात्रतेच्या कालखंडांत गरोदर वा प्रसूत असलेल्या स्त्रियांसाठीं नियमांत सोय असलीच पाहिजे. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर, ही अनुपलब्धि अयोग्य आहे असें न्यायालयानें ठरविलें. पोथ्यांच्या संपादकास जें प्रथम शिकवितात, तें क्रीडाधिकाऱ्यांस शिकविण्यास न्यायालय लागलें.

उलट, जें लिहिलेलें आहे तें सर्व विश्वसनीय आहे असेंही नाहीं. २०१६ सालच्या रिओ येथील मुष्टियुद्धाची चौकशी कॅनडाचेच कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड मॅक्लारेन यांनीं केली. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत, पंचांच्या नेमणुकींत हेतुपुरस्सर फेरफार करून निकाल वळविण्याची व्यवस्था तेथें होती असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ, त्या सालच्या यादीवर अधिकृत शिक्का असला तरी तिच्यांतील कांहीं नोंदी बनावट सनदेच्या जातीच्या ठरतात. अधिकृत दप्तराबाहेरचा एक कागदही येथें नोंदला पाहिजे. मे २०२२ मध्यें शंभरांहून अधिक आजी-माजी कॅनेडियन मुष्टियोद्ध्यांनीं खुलें पत्र लिहून राष्ट्रीय संस्थेंतील वातावरण दूषित असल्याचा व पक्षपाताचा आरोप केला, आणि लवकरच उच्च-प्रशिक्षणाचे संचालक पदावरून दूर झाले. आरोप हे आरोपच. त्यांचा निवाडा या लेखकाचें काम नव्हे. परंतु कोण रिंगणांत उतरलें नाहीं व कां, हें शोधणाऱ्यास पदकांच्या यादीपेक्षां असें एक अस्सल पत्र अधिक उपयोगी पडतें.

येथें एक आक्षेप येईल, व तो बळकट आहे. दार उघडल्यावर काय झालें? स्पेन्सर लंडनला पहिलीच लढत हरल्या. बुजोल्ड न्यायालयांत जिंकून टोकियोस गेल्या व पहिलीच लढत हरल्या. २०२२ सालीं इस्तंबूल येथें ७५ किलोच्या गटांत जगज्जेत्या झालेल्या टामारा थिबो पॅरिसला पहिल्याच लढतींत निर्वासितांच्या संघांतील सिंडी न्गांबा यांच्याकडून हरल्या. मग यादी खोटी कशी? उत्तर इतकेंच कीं, हे रकाने दिवा लागल्यानंतरचे आहेत व ते पराभव पराभव म्हणूनच वाचले पाहिजेत. कोणास न मिळालेलें पदक इतिहासकारानें वांटावें असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, दिव्यांतला रिकामा रकाना आणि अंधारांतला रिकामा रकाना यांची एकत्र बेरीज करून 'अठ्ठावीस वर्षें' हा एकच आकडा काढणें चूक आहे. त्या आकड्यांत पुरुषांची खरी ओहोटी, एक बरोबरींत आलेली लढत, आणि स्त्रियांवरील बंदी या तीन भिन्न गोष्टी एका पोत्यांत भरल्या गेल्या आहेत.

म्हणून या विषयाचा इतिहास पुढें जो कोणी लिहील त्यानें यादीस दोन रकाने जोडावे. एकांत, त्या सालीं त्या व्यक्तीस दार उघडें होतें काय, हें लिहावें; दुसऱ्यांत, अनुपस्थितीचें कारण. रिओ येथें पुरुषांचे दहा व स्त्रियांचे तीन गट होते, टोकियो येथें आठ व पांच, पॅरिस येथें सात व सहा. २०२८ च्या लॉस एंजेलिस सामन्यांसाठीं सात व सात ठरले आहेत. या आकड्यांच्या रकान्यावांचून पदकांचा रकाना अर्धाच बोलतो.

प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेचें हजेरीपत्रक भरण्यांत घालविलीं. एखाद्या मुलीच्या नांवापुढें ओळीनें गैरहजेरीच्या खुणा पडत. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं तिला घरीं ठेवलें आहे, हें वर्गांत सर्वांस ठाऊक असे. पत्रकांत तें लिहिण्यास जागा नसे. वर्षाअखेर पत्रक पाहणारा तिला अभ्यासांत मंद समजे, आणि समासांत दोन शब्द लिहून तो समज दूर करण्याचें मलाही कधीं सुचलें नाहीं. त्रुटित पोथीची नक्कल करणारे आपले जुने लेखक याहून सावध होते. जेथें मूळ तुटलें असेल तेथें ते तितकी जागा मोकळी सोडीत, म्हणजे पुढील वाचकास कळे कीं येथें कांहीं होतें.