दवंडी आणि बातमी

रेडिओच्या बातम्यांवर समीक्षा लिहितं का कुणी? कवितेवर लिहितात, कादंबरीवर लिहितात. आपल्या आत्मकथनांवर तर प्राध्यापकांनी गठ्ठेच्या गठ्ठे लिहिले आणि पदव्या घेतल्या. पण ज्या प्रकारानं आपल्या आयाबापांचे कान वर्षानुवर्षं व्यापले, त्या बातमीपत्राला कुणी हात लावला नाही. मी लावणार आहे. बातमीपत्राला शैली असते, व्याकरण असतं, नायक असतात. आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला वेशीबाहेर ठेवायचं, याचे नेमही असतात. एवढं असल्यावर त्याला वाङ्मय म्हणायला हरकत काय?

सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. साताऱ्याला एफएम केंद्र पुढं आलं. पण राजकारणाच्या बातम्या म्हटल्या की आपल्या भागाचे कान पुण्याकडं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागायच्या. चहाच्या हॉटेलात, पिठाच्या गिरणीत, गोठ्यात धार काढताना लोक त्या ऐकायचे. त्या बातम्या पाठवणारा जिल्ह्याच्या ठिकाणचा अर्धवेळ वार्ताहर. तो कायम नोकर नसतो, मानधनावर असतो. त्यानं गाव बघायचं, लिहायचं, पाठवायचं आणि पुण्याच्या टेबलावर ते तासलं जायचं. दहा मिनिटांत उभा महाराष्ट्र कोंबायचा, म्हणजे एका गावाच्या वाट्याला दोन वाक्यं येणार. ह्या दोन वाक्यांचं राजकारण हा माझा विषय.

मित्रांनो, रेडिओ यायच्या आधी गावाचा रेडिओ कोण होता? आपणच होतो. दवंडी कुठं महारानं द्यायची, कुठं मांगानं हलगी वाजवून द्यायची. मयताचा सांगावा घेऊन दहा-दहा कोस चालत महारच जायचा. सरकारी टपाल गावोगाव पोचवायचं, पाटलाचा हुकूम वाड्यावस्त्यांवर सांगायचा, ही सगळी कामं वतनात बसवलेली. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ (1981) मध्ये ही तराळकी आतून दाखवली आहे. कायद्यानं 1958 साली हलकी वतनं खालसा झाली. पण तराळाच्या त्या कामाचं मर्म काय होतं? सगळ्या गावाची बातमी त्याच्या तोंडात, पण त्यातला एक शब्दही त्याचा नाही. ‘ऐका हो ऐका’ म्हणायचा अधिकार त्याला होता. ‘का हो, का?’ म्हणायचा नव्हता.

दवंडी आणि बातमी यांत फरक आहे तो एवढाच. दवंडी वरून खाली येते आणि तिला प्रश्न चालत नाही. बातमी प्रश्नातून जन्मते. ह्या कसोटीवर आपल्या भागातल्या रेडिओची भाषा घासून बघू.

बातमीपत्राचा लाडका प्रयोग कुठला? ‘करण्यात आले.’ उद्घाटन करण्यात आले. आवाहन करण्यात आले. वाटप करण्यात आले. शाळेत ह्याला कर्मणी प्रयोग म्हणतात. पण इथं तो कर्त्याला लपवायचं आडोसं झाला आहे. गंमत बघा, मंत्री असला की कर्ता लगेच हजर होतो. ‘पालकमंत्र्यांनी पाहणी केली.’ पालकमंत्री कर्तरीत, आपण कर्मणीत! वस्तीवर हल्ला झाला की भाषा आणखी एक पाऊल मागं सरते. ‘दोन गटांत वाद झाला.’ एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला वीस उंबरे. पण रेडिओच्या गणितात ते दोन गट, बरोबरीचे. समता कुठं मिळाली असेल तर ती एवढ्या ह्या वाक्यात! मग ‘तणावपूर्ण शांतता’, मग ‘परिस्थिती नियंत्रणात’. कुणाच्या नियंत्रणात, ते नाही सांगायचं.

सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. मिरज तालुक्यात बेडग गावी 2023 च्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली. ती ग्रामपंचायतीनं पाडली असं म्हणत आंबेडकरी कुटुंबं पुढच्या महिन्यात गाव सोडून, बायकापोरांसकट, मुंबईच्या दिशेनं चालू लागली. आता ही घटना त्या ठरीव भाषेत घालून बघतो. मजकूर माझा, साचा त्यांचा: ‘बेडग इथं कमानीच्या वादातून तणाव निर्माण झाला असून शांतता राखण्याचं आवाहन प्रशासनातर्फे करण्यात आलं आहे.’ एकही शब्द खोटा नाही. पण कमान कुणाच्या नावाची, पाडली कुणी, गाव सोडून कोण निघालं, सगळं गळालं. घर सोडून निघालेली माणसं वाक्यात कुठंच नाहीत, ‘तणाव’ मात्र आहे. खोटं न बोलता माणसं नाहीशी करायची ही कला!

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. एका केंद्राला मी काही काळ तालुक्याच्या राजकीय बातम्या धाडत होतो. केंद्राचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. एका गावात नळाची लाइन वस्तीच्या अलीकडं थांबली होती. निवडणुकीत वस्तीनं मतं दिली नाहीत म्हणून ती तिथं थांबवली, असं बायका ग्रामसभेत उभ्या राहून बोलल्या होत्या. मी लिहिलं: ‘मतं न दिल्यानं वस्तीचं पाणी अडवलं, असा आरोप महिलांनी ग्रामसभेत केला. सरपंचांनी तो नाकारला.’ दोन्ही बाजू होत्या, कोण बोललं ते होतं. हवेवर गेलं ते असं: ‘वस्तीत पाणीटंचाई जाणवू लागली आहे.’ शेजारच्या म्हातारीनं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘जानवाय लागलीया व्हय? आरं, वर्सं झाली की रं.’’ माझ्या मते त्या बातमीवर ह्याहून चांगली समीक्षा होणार नाही. टंचाई आभाळातून पडते. अडवणूक माणूस करतो. एका शब्दाच्या बदलानं राजकारणाची बातमी हवामानाची झाली.

तुम्ही म्हणाल, हा टेबलावरच्या माणसाचा दोष. नुसता तेवढा नाही. आकाशवाणीची संहिताच जुनी आहे. राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, राज्य वा केंद्र सरकारवर विखारी टीका नको, असं तिच्यात घातलेलं. आणीबाणीत ह्या रेडिओचं काय झालं ते जगजाहीर आहे. 1997 साली प्रसार भारती आली, सरकारी खात्याचं महामंडळ झालं. पण भाषा खात्याचीच राहिली.

बरं, सरकारी रेडिओ सोडा, लोकांचा रेडिओ बघू. सुप्रीम कोर्टानं 1995 साली सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. केवढा मोठा शब्द! चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांचं, तसं हे. मग 2006 च्या धोरणानं संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा दिली. माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला, जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’. दुष्काळी मुलखातल्या बायका माइकवर बोलू लागल्या ही साधी गोष्ट नाही, तिचं मोल मी कमी करत नाही. पण त्याच धोरणात अट घातली: बातम्या नकोत, चालू घडामोडी नकोत, राजकीय काही नको. ओव्या चालतील, पाककृती चालेल, बियाण्याचा सल्ला चालेल. ज्या माण तालुक्यात 2007 साली कुळकजाईला विहिरीच्या वादातून एका दलित माणसाचा खून झाला, त्याच तालुक्याच्या आपल्या रेडिओनं त्या खटल्याची बातमी द्यायची म्हटली तर ती नियमात बसत नाही.

खाजगी एफएमचीही तीच गत. 2011 च्या धोरणात सरकारनं यादीच दिली की काय ‘बातमी नाही’ म्हणून सांगायला परवानगी आहे. हवामान, वाहतूक, सणउत्सव, परीक्षा, वीज-पाण्याच्या सूचना. ही यादी नीट वाचा. ‘उद्या पाणी येणार नाही’ हे चालतं. ‘आमच्याच वस्तीत का येत नाही?’ हे चालत नाही. दवंडीला परवाना, प्रश्नाला बंदी! 2023 च्या सप्टेंबरात दूरसंचार नियामकानं शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

निवडणुकीत तरी काय? 1977 पासून आकाशवाणीवर पक्षांना प्रचाराला फुकट वेळ मिळू लागला. पण तो मान्यताप्राप्त पक्षांना. 2019 च्या लोकसभेला सांगलीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला तीन लाखांवर मतं पडली. पक्ष मान्यताप्राप्त नव्हता, म्हणजे त्या वेळेत त्याचा वाटा नव्हता. 2024 ला तर सांगलीनं अपक्षच निवडून दिला! मतदार जिकडं जातो तिकडं रेडिओचं दार नाही. कुणाला मत द्यावं ह्याचा वाद मी इथं घालत नाही. तीन लाख माणसांचं म्हणणं ज्या यंत्राच्या यादीत बसत नाही, ते यंत्र लोकांचं कसं, एवढंच विचारतो.

बातमी पोचली नाही तर एवढं काय बिघडतं, असं वाटणाऱ्यानं बाबासाहेबांचा 1901 चा प्रवास आठवावा. साताऱ्याहून पोरं वडिलांकडं निघाली. येत असल्याचं पत्र आधी धाडलेलं, पण नोकरानं ते वडिलांना दिलंच नाही. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी नाही. दुसऱ्या कुणाचं पत्र असं राहिलं असतं तर त्यानं भाड्याची गाडी केली असती आणि विसरला असता. इथं जात कळल्यावर गाडीवाले यायला तयार होईनात. दुप्पट भाडं द्यावं लागलं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. न पोचलेल्या बातमीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे त्यात आहे. 1945 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी वृत्तसंस्थेत कोण बसलंय, कुणाची बातमी जगापर्यंत जाऊ दिली जात नाही, हे स्पष्ट लिहून ठेवलं. बातमी कोण लिहितो हा त्यांच्या दृष्टीनं राजकारणाचा गाभा होता. म्हणून 1920 ला ‘मूकनायक’, म्हणून महाडनंतर पंधरवड्यात, 3 एप्रिल 1927 ला ‘बहिष्कृत भारत’. तळ्यावर काय झालं, हल्ला कुणी केला, हे आपल्या शब्दांत लिहायला दुसरा कुणी येणार नव्हता.

आता आपल्याकडं वळतो, कारण समीक्षा दुसऱ्याचीच करायची असेल तर ती शिवीगाळ होते. आपल्या कार्यक्रमांचे वृत्तांत काढून बघा. ‘साहेबांचं आगमन झालं. प्रचंड प्रतिसाद लाभला. मान्यवरांनी मनोगतं व्यक्त केली.’ ही कुणाची भाषा? आपल्याच नेत्याची दवंडी! सभेला माणसं किती आली, ती का आली, पुढच्या रांगेतल्या पोरानं काय विचारलं, त्याला उत्तर मिळालं का, वर्गणी कुठं गेली? काही नाही. आपण जखमेचं साहित्य फार मोठं लिहिलं आणि त्याला जगात तोड नाही. पण ग्रामसभेचं, कारखान्याच्या निवडणुकीचं, पाणीवाटपाच्या बैठकीचं सरळ वृत्त लिहिणारे आपल्यात किती? कोयनेत आज किती टीएमसी पाणी हे रेडिओ पावसाळाभर सांगतो. 105 टीएमसीचं धरण, आकडा सगळ्यांना पाठ. ते पाणी आटपाडीच्या भूमिहीनाला किती, हा प्रश्न पाणी चळवळीनं विचारला तेव्हा विचारला गेला. वार्ताहरानं तो रोज विचारायचा असतो.

काहीजण म्हणतील, आता मोबाइल आहे, रेडिओ कोण ऐकतो? मोबाइलवर आपली बातमी आपल्यालाच येते. आपण चिडतो, पुढं ढकलतो, झालं. पाटलाच्या घरातला मोबाइल ती दाखवत नाही. रेडिओची गोष्ट वेगळी. तोच आवाज वाड्यातही आणि वस्तीतही. म्हणून तर त्याच्यावर एवढे पहारे.

तेव्हा दोस्तहो, करायचं ते असं. तालुक्याला एकजण तरी राजकीय वार्ताहर म्हणून तयार व्हावा. अर्धवेळ वार्ताहराची जाहिरात निघाली की अर्ज टाकावा. ती जागा आपली नव्हे असं कुणी ठरवलंय? लिहिताना कर्ता सोडायचा नाही. ‘झालं’ नव्हे, ‘केलं’ लिहा, आणि कुणी केलं असं कोण म्हणतो तेही लिहा, म्हणजे कुणाला खोडता येणार नाही. समोरच्याचं म्हणणं घ्या. आकाशवाणी माहिती अधिकाराखाली येते. सहा महिन्यांत दलित वस्त्यांच्या किती बातम्या लावल्या, विचारा. सामुदायिक रेडिओवरची बातमीबंदी उठवा, ही मागणी मोर्चाच्या फलकावर येऊ द्या. भोंग्यापुढं घोषणा द्यायला आपल्याला पोरं मिळतात. वही घेऊन मागच्या बाकावर बसणारं, ऐकणारं आणि नाव-गाव-तारीख नोंदवणारं एक पोरगं, एक पोरगी शोधा.

तराळानं दुसऱ्याचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. त्याच्या नातवंडांनी तोंड उघडलं तर पहिला शब्द ‘ऐका हो’ नसावा. ‘कुणी केलं?’ असावा.

जयभीम.