ओळ ११-९१४१

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी ब्युरोचा वेतनतक्ता हाती आला की नजर आधी आकड्यावर जाते. मी मात्र आधी व्याख्या वाचते. ‘प्रॉपर्टी, रिअल इस्टेट अँड कम्युनिटी असोसिएशन मॅनेजर्स’, संकेतांक ११-९१४१. मालमत्तेची खरेदी-विक्री, भाडेकरार, कारभार पाहणारे सगळे व्यवस्थापक या एका ओळीत. मॅनहॅटनमधल्या ऑफिस टॉवरचे मजले भाड्याने लावणारा लीजिंग मॅनेजर आणि फ्लोरिडातल्या घरमालक-संघटनेचा व्यवस्थापक शेजारी शेजारी बसतात. लीजिंगवाल्यांना वेगळी ओळ नाही, हे मोठंच उणं. पण व्याख्येत ते लपवलेलं नाही, म्हणून मला हा तक्ता विश्वासाचा वाटतो.

खरी रंगत आहे ती ‘वेतन’ कशाला म्हणायचं, या यादीत. लीजिंगमधली कमाई एकाच खिशातून येत नाही. महिन्याचा पगार, सही झालेल्या करारामागे कमिशन, वर्षअखेरचा बोनस, आणि कधी त्याच इमारतीतल्या घराच्या भाड्यात सूट. ब्युरो कमिशन धरतो, ओव्हरटाइम आणि वर्षअखेरचा बोनस सोडून देतो. समजा, दोन मॅनेजर वर्षाला सारखीच रक्कम घरी नेतात; एकीची वरकमाई कमिशनची, दुसरीची दिवाणखान्यात बसलेल्या मालकाने डिसेंबरात ठरवलेल्या बोनसची. तक्त्यात पहिली पूर्ण दिसते, दुसरी खुजी. म्हणजे नुसता मूळ पगार ठरवायला हा आकडा घेतला तर तो फुगलेला, आणि एकूण मोबदला ठरवायला घेतला तर तोकडा. इतकी बारीक गोष्ट एका टिपेत सांगून टाकलेली असते!

हा तक्ता ज्या पाहणीतून निघतो, तिला घाई नाही. तीन वर्षांत सहा फेऱ्या, सुमारे ११ लाख आस्थापना. त्यामुळे बाजाराने अचानक घेतलेलं वळण तिच्यात उशिरा उमटतं. स्वतःचा धंदा करणारे तर मोजलेच जात नाहीत, आणि या व्यवसायात ते थोडेथोडके नाहीत.

खासगी पाहण्या नेमक्या इथे उपयोगी पडतात. चांगल्या पाहणीत ऑफिस, मॉल, निवासी इमारती वेगळ्या. पगार आणि कमिशनही वेगळं. पण तिथे मी रिकामे चौकोन शोधते. १९९६ मध्ये अमेरिकी न्याय खातं आणि फेडरल ट्रेड कमिशनने आरोग्यसेवेतल्या अशा पाहण्यांसाठी एक चौकट आखली: पाहणी त्रयस्थाने करावी, माहिती किमान तीन महिने जुनी असावी, प्रत्येक आकड्यामागे किमान पाच संस्था असाव्यात आणि एकीचाही वाटा २५ टक्क्यांवर नसावा. इतर क्षेत्रांनीही ती उचलली. २०२३ मध्ये दोघांनी ती मागे घेतली, तरी नमुना पुरेसा नसेल तिथे चौकोन कोरा ठेवणारी पाहणी मी आजही आधी निवडते. प्रत्येक गावाचा, प्रत्येक हुद्द्याचा आकडा ठासून भरलेली पाहणी कितीही देखणी असली, तरी बाजूला ठेवते.