नाव कापलेलं गाणं

गेल्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीतल्या स्टेजवर एका पोरानं वामनदादा कर्डकांचं गाणं म्हणलं. आवाज खणखणीत. ढोलकीवाला बी तयारीचा. पब्लिक खूश. पण शेवटच्या अंतऱ्याला मी दचकलो. जिथं 'वामन' यायला पाहिजे तिथं पोरानं स्वतःचं नाव बसवलं होतं. मात्रा बरोबर जुळवल्या होत्या, हे कबूल करतो. खाली उतरल्यावर त्याला बाजूला घेतलं. म्हणलं, "बाळा, गाणं कुणाचं रे?" तो म्हणाला, "काका, लोकगीतच आहे ना ते." मागून कळलं, त्यानं ते मोबाईलवर बी टाकलंय. गीत, संगीत, गायक, तिन्ही जागी त्याचंच नाव.

लोकगीत! वामनदादा काही हजार वर्षांपूर्वीचे गृहस्थ नव्हेत. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, २००४ साली गेले. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली, रात्र-रात्र बसून ऐकलेली माणसं वस्तीवस्तीत अजून जिवंत आहेत. असल्या माणसाचं गाणं वीस वर्षांत बिनमालकाचं होतं, तर ते आपोआप होत नाही. कुणीतरी करतं.

ह्या प्रकाराला चोरी म्हणायचं की नाही, ह्यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. कारण चोरीचा आरोप आपल्याला नवा नाही. काही वर्षांमागं एका कॉलेजात चर्चासत्राला गेलो होतो. तिथं एक विद्वान उठले आणि म्हणाले, भीमगीतांत काव्य असेल थोडंफार, पण संगीताच्या नावानं सगळी सिनेमाच्या चालींची चोरी. सभागृह हसलं. मीही हसलो, पण वेगळ्या कारणानं. ह्याच विद्वानांचं आधीचं भाषण संगीत नाटकाच्या सुवर्णकाळावर झालं होतं. आता अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८० सालचं 'शाकुंतल' उघडून बघा. पदांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचा पत्ता दिलेला. कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, लावणी घेतली, दक्षिणेतलं घेतलं. पुढं १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडची ठुमरी-गझल मराठी शब्दांना चढवली. ती परंपरा. तो सांस्कृतिक ठेवा. आणि आमच्या माणसानं गिरणीची पाळी संपवून, चाळीच्या गॅलरीत बसून सिनेमाच्या चालीवर बाबासाहेब गुंफला, की ती चोरी. बरं तर बरं!

भीमगीतांच्या जुन्या चार-आठ आण्याच्या पुस्तिका ज्यांनी चाळल्यात त्यांना ठाऊक आहे, तिथंही गाण्याच्या डोक्यावर कंसात 'चाल' छापलेली असायची. अमक्या सिनेमातल्या तमक्या गाण्याची. लपवालपवी नाहीच. उलट ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ पाहिजे, हीच सगळी मेख. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईला नवा विचार द्यायचा तर ओळखीच्या चालीतनं दिला की ती तिसऱ्या ओळीला टाळी धरते. चोर ओळख पुसतो. इथं ओळखीवरच धंदा चाललेला, म्हणजे धंदा कसला, पदरचे पैसे मोडून.

पण म्हणून आपण सगळे धुतल्या तांदळाचे, असं मी लिहिणार नाही. कॅसेटचा जमाना आला आणि पुस्तिकेतली ती 'चाल'ची ओळ कॅसेटच्या कव्हरावर आलीच नाही. तिथं 'संगीत' म्हणून कुणा भलत्याचं नाव. वस्तीत गाणं वेगळं आणि चाल विकून पैसा करणं वेगळं. सिनेमाचा संगीतकार श्रीमंत असेल, वरच्या जातीचा असेल, तरी चाल त्यानं बांधलेली असते. तो पैसा आमच्या कवीला मिळाला असता तर निदान एक बाजू मांडता आली असती. तोही फारसा मिळाला नाही.

'पँथर' हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडनं घेतलं. उसनंच, पण कुणाकडनं ते चारचौघांत सांगून. तेव्हा काळ्यांच्या गाण्याचं काय झालं तेही बघितलं पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा झुलू माणूस होता. खेड्यातनं जोहान्सबर्गला पोट भरायला आलेला. १९३९ साली तिथल्या गॅलो कंपनीच्या स्टुडिओत आपल्या साथीदारांबरोबर त्यानं 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणं गायलं. रेकॉर्ड आफ्रिकेत लाखाच्या घरात खपली म्हणतात. गाण्याचे हक्क त्यानं दिले १० शिलिंगला. तो त्याच कंपनीत रेकॉर्डी बांधायच्या कामाला होता. ती रेकॉर्ड अमेरिकेत पीट सीगरच्या हाती गेली. सीगर भला माणूस, डाव्या विचारांचा, काळ्यांच्या लढ्यात गाणारा. त्याला शब्द नीट ऐकू आले नाहीत, 'उयिंबुबे'चं त्यानं 'विमोवे' केलं. १९५२ साली त्याच्या कंपूची रेकॉर्ड गाजली. कागदावर कवी-संगीतकार म्हणून एक टोपणनाव, 'पॉल कॅम्पबेल'. असा माणूसच नव्हता! झुलूंचं जुनं लोकगीत आहे, ही समजूत. बघा, इथंही तोच शब्द. सीगरनं पुढं लिंडाला पैसे पाठवले, पाठवा असं इतरांनाही सांगितलं, पण कागद तसाच राहिला. १९६१ साली त्याच चालीवर इंग्रजी शब्द चढवून टोकन्स नावाच्या गोऱ्या पोरांनी गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. पुढच्याच साली, १९६२ ला, लिंडा मूत्रपिंडाच्या रोगानं मेला. थडग्यावर दगड बसवायला बायकोकडं पैसे नव्हते. पुढं १९९४ च्या डिस्नेच्या 'लायन किंग' सिनेमात ते गाणं आलं आणि जगभर गेलं.

ह्या गोष्टीत दरोडेखोर असा एकही नाही. सगळे सभ्य. जो तो म्हणतो, आम्ही घेतलं ते आधीच कुणाचं नव्हतं. २००० साली रियान मलान नावाच्या पत्रकारानं सगळा हिशोब छापला तेव्हा गलका झाला. २००४ साली लिंडाच्या पोरींतर्फे खटला उभा राहिला आणि २००६ साली तडजोड होऊन मागचे-पुढचे पैसे मिळायची व्यवस्था झाली, लिंडाचं नावही लागलं. गंमत कशी, वकिलाला जे कलम सापडलं ते साहेबाच्या साम्राज्याच्या १९११ च्या कायद्यातलं. लेखक मेल्यावर २५ वर्षांनी हक्क वारसांकडं परत येतो, असं ते कलम. तोच कायदा किरकोळ फेरफार करून १९१४ पासून आपल्याकडंही होता, आपला १९५७ चा कायदा येईस्तोवर. आपल्या जलसेवाल्यांच्या वारसांपैकी कुणी तो वाचला होता का?

कायद्याला कान नसतात. त्याला कागद लागतो. मार्विन गेच्या १९७७ च्या गाण्यावरनं अमेरिकेत खटला झाला, २०१५ साली त्याच्या पोरांनी तो जिंकला, लाखो डॉलर मिळाले. पण त्यातही न्यायाधीशानं धरलं ते काय? तर नोंदणीला दिलेल्या स्वरलिपीच्या कागदावर जेवढं उतरलंय तेवढंच गाणं. मार्विन गेला स्वरलिपी धड वाचता येत नव्हती. तो कागद त्यानं केलेलाच नव्हता. म्हणजे त्याचा आवाज, त्याचा ठेका, जे ऐकून जग नाचलं, ते गाण्यात मोजायचं नाही. आणि जॉर्ज हॅरिसनवर चोरी शाबीत झाली, १९७६ साली, नकळत केलेली चोरी म्हणून, ते मूळ गाणं लिहिणारा काळा पोरगा रॉनी मॅक १९६३ सालीच मेलेला. भांडल्या त्या कंपन्या.

आमच्याकडं तर अक्षरालाच बंदी होती. मग कागद कुठला? तरीही आमच्या कवींनी एक तोड काढली. नाव गाण्याच्या बाहेर लिहायला जागा नाही, तर गाण्याच्या आतच ठेवा. चोखोबांचे अभंग अनंतभट्टानं लिहून घेतले असं परंपरा सांगते. लेखणी त्याच्या हातात, पण अभंगाच्या शेवटी चोखा. काढायला गेलं तर ओळच मोडते. सोयराबाईनं तर 'चोख्याची महारी' एवढीच सही ठेवली. तिच्या स्वतःच्या नावाला तिथंही जागा नाही, हे मला टोचतं. पण सहाशेहून जास्त वर्षं ती सही कुणाला पुसता आली नाही. शाहिरांनी तेच केलं, वामनदादांनी तेच केलं. शेवटचा अंतरा हा आमचा सातबारा.

आजचा कायदा आपल्या बाजूनं आहे, तेही सांगून टाकतो. कवीच्या मरणानंतर ६० वर्षं हक्क चालतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ साल संपेपर्यंत 'लोकांची' होत नाहीत. आणि ५७ वं कलम म्हणतं, हक्क विकला तरी कवीचं नाव विकलं जात नाही.

एवढं सगळं पोराला सुनवायचं ठरवून मी त्याच्या घरी गेलो. "जयभीम काका, बसा" म्हणाला. आजोबांची वही काढली. निळ्या शाईत लिहिलेली, कडा उंदरानं खाल्लेल्या. त्यात ते गाणं होतं. चाल लिहिलेली होती. अंतरे होते तीनच. चौथा नव्हताच.

मी गपगार झालो. कारण आजोबा ज्या गायन पार्टीत होते, तिच्यात मी चार वर्षं कोरसला होतो. एका रात्रीत तीन-तीन वस्त्या करायच्या, ट्रक खाली थांबलेला, मग बुवा हात करायचे, शेवटचा अंतरा सोडा. आम्ही सोडायचो. कधी वर्गणीदाराचं नाव त्या जागी घालायचो, दहाची नोट मिळायची. पोरानं मोकळी जागा बघितली आणि स्वतःला बसवलं. जागा आम्ही मोकळी केलेली.

चौथा अंतरा मला येत होता. मी सांगितला, त्यानं वहीत लिहून घेतला. मोबाईलवरचं नाव बदलतो म्हणाला, आणि दोन दिवसांनी बदललं. मी उठलो तर म्हणाला, "काका, एक गाणं मी सोता बी लिवलंय. ऐकता का?" बसलो परत. बरं होतं. दुसरा अंतरा ढिला होता, तसं सांगितलं. शेवटी त्याचं नाव होतं, ठसठशीत. चाल सिनेमाची.

म्हणलं, वर कंसात लिही ते.