‘अल्टिमा ४’ : पुनर्वाचनाचा प्रश्न

रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा संगणक-खेळ ओरिजिन सिस्टिम्सने १९८५ साली ॲपल २ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला, १९८७ मध्ये तो आयबीएम पीसीवर आला. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घेऊन कल्पित जगात वावरावयाचे, या जातीच्या खेळांत त्याचे स्थान मोठे आहे. तो आजही आवडीने पुन्हा खेळला जातो, आणि २०११ पासून तो अधिकृतपणे विनामूल्य मिळू लागल्यामुळे प्रत मिळविण्याची अडचण उरली नाही. अडचण आहे ती तो चालविण्याची. आणि चालू झाल्यावर जे चालू झाले त्यास मूळ कृती म्हणावे की नाही, हे ठरविण्याची. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले जाते. दुसरी मात्र बहुधा विचारातच घेतली जात नाही.

डॉस या प्रणालीसाठी रचलेला प्रोग्राम आजच्या यंत्रावर सरळ चालत नाही. २००२ मध्ये प्रथम उपलब्ध झालेला ‘डॉसबॉक्स’ हा एम्युलेटर जुन्या यंत्राचा प्रोसेसर, साउंड कार्ड व पडदा यांची नक्कल करतो. कोणत्या फोल्डरास ‘सी’ ड्राइव्ह मानावे ते त्यास सांगावयाचे आणि नकली यंत्राची गती बांधून द्यावयाची, एवढेच काम उरते. ही गती बांधणे क्षुल्लक नव्हे. त्याच मालिकेतील ‘अल्टिमा ७’ (१९९२) आपल्या गतीस स्वतः मर्यादा घालीत नाही. वेगवान यंत्रावर त्यातील माणसे अक्षरशः धावू लागतात. शिवाय त्याची ‘व्हूडू’ नामक स्मृतिव्यवस्था ईएमएम३८६ शी जुळत नसे, त्यामुळे त्या काळीही अनेकांना निराळी बूट डिस्क तयार करावी लागे. पूर्वी हे खेळ सहज चालत असत, ही समजूत स्मरणरंजनाने निर्माण केलेली आहे.

‘अल्टिमा ४’च्या पीसी-आवृत्तीत चाहत्यांनी पुढे अधिक रंग आणि संगीत घातले. त्या आवृत्तीत मुळात संगीत नव्हते. ॲपल २ वर मात्र विशिष्ट ध्वनिकार्ड जोडल्यास ते ऐकू येई. सुधारित आवृत्ती म्हणजे अशा रीतीने एका प्रतीतील अंश दुसरीत आलेला संकरित पाठ होय. पाठचिकित्सेची सवय असलेल्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. तथापि रंग व संगीत ही बाह्यांगे झाली. कृतीचे मर्म तिच्यातील संभाषणात आहे.

हे संभाषण कमालीचे तुटपुंजे आहे. भेटलेल्या व्यक्तीस नाव, काम आणि प्रकृती विचारता येते. त्यापलीकडे प्रत्येकीच्या ठायी दोनच शब्द असे असतात की जे टंकले असता ती काही नवे सांगते. त्या शब्दांचीही पहिली चार अक्षरेच प्रोग्राम वाचतो. ते शब्द कोणते, हे पडद्यावर कोठेही दाखविलेले नसते. एका गावी ऐकलेल्या वाक्यातील कोणते पद दुसऱ्या गावी उपयोगी पडेल, हे खेळणाऱ्याने ताडावयाचे आणि आपल्या वहीत टिपून ठेवावयाचे. ‘अल्टिमा ७’ मध्ये हेच शब्द यादीच्या रूपाने समोर येतात व माउसने निवडले जातात. सोय झाली खरी. पण विचारणाऱ्याकडून प्रश्न हिरावला गेला. यादीतील पर्याय निवडणे आणि प्रश्न विचारणे या भाषाव्यवहारातील दोन भिन्न क्रिया आहेत.

यातूनच पुनर्वाचनाची कोंडी उद्भवते. ‘अल्टिमा ४’ मधील ज्ञान पात्राच्या ठायी नसून खेळणाऱ्याच्या ठायी आहे. देवस्थानात ध्यानास बसल्यावर मंत्र टंकावा लागतो. तो कोणाकडून समजला, हे प्रोग्राम विचारीत नाही. ज्यास मंत्र पूर्वीच ठाऊक आहेत त्याने अर्धे जग न बोलता ओलांडले तरी चालते. डॉसबॉक्स यंत्र परत आणून देतो. अज्ञान परत आणून देणे त्याच्या आवाक्यातले नव्हे.

सद्गुणांच्या बाबतीत ही कोंडी अधिक गंभीर होते. या खेळात अंतिम खलपुरुष नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता इत्यादी आठ गुणांत पूर्णता मिळवून ‘अवतार’ व्हावयाचे, हे उद्दिष्ट आहे. (संस्कृतात ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे, येथे मनुष्य चढून त्या पदास पोचतो. शब्द उसना घेताना त्याची दिशाच उलटली आहे, आणि ती उलटण्यातच खेळाचा आशय आहे.) गुणांचे आकडे खेळणाऱ्यास दिसत नाहीत; हॉकविंड नावाचा द्रष्टा केवळ आडवळणाने सूचना देतो. औषधी द्रव्ये विकणाऱ्या बाईस दिसत नाही, म्हणून किती नाणी द्यावयाची ते गिऱ्हाइकानेच टंकावयाचे. प्रथम खेळताना येथे हात अडखळतो, कारण कोणी पाहते आहे की नाही, हे कळत नाही. दुसऱ्या वेळी कळलेले असते की कमी नाणी दिल्यास अमुक अंक वजा होतात, आणि भिकाऱ्यास एक नाणे दिले काय किंवा पन्नास दिली काय, करुणेच्या खात्यात भर तेवढीच पडते. सदाचार हिशेब होऊन बसतो.

यावरून पुनरावृत्तीने कृती नष्ट होते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. हिशेब पहिल्या वेळीही होताच. यंत्र हेतू मोजू शकत नाही, कृती मोजते. पुनर्वाचनात दिसून येते ते असे की लेखकाने ही मर्यादा झाकण्यासाठी मौनाचा उपयोग केला आहे, आणि तो विलक्षण कौशल्याने केला आहे. अंध विक्रेतीचा प्रसंग केवळ एका अंकाच्या बळावर उभा असूनही दुसऱ्या वेळी पूर्ण किंमत टंकावीशी वाटते, ही त्याच्या सामर्थ्याची खूण आहे.

विद्यार्थ्यांच्या हाती ही कृती द्यावयाची असेल तर न सुधारलेली आवृत्तीच द्यावी, आणि मार्गदर्शिका दूर ठेवाव्यात. मूळ पेटीत दोन पुस्तके, धातूचे एक चिन्ह आणि कापडी नकाशा असे. नकाशावरील नावे प्राचीन जर्मानिक रून लिपीवर बेतलेल्या अक्षरांत आहेत. मंत्रसिद्धीसाठी कोणती द्रव्ये मिसळावीत, हे त्या पुस्तकांवाचून नीट कळत नाही. त्यांच्या चित्रप्रती खेळाबरोबर मिळतात, पण फाइल चालू झाली की त्या उघडण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. त्या छापून, नकाशा भिंतीवर लावून आणि जवळ कोरी वही ठेवूनच आरंभ करावा.