टाकलेले मूल : एका निकालपत्राचे वाचन

न्यायालयाचे निकालपत्र म्हणजे साहित्य नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही ‘लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचे फेब्रुवारी १९८४ चे निकालपत्र मी साहित्यकृती वाचावी तसे वाचतो. त्यात टाकलेले मूल केंद्रस्थानी आहे आणि एक पात्र सबंध वेळ गप्प आहे : त्या मुलाची आई.

परदेशी दांपत्यांना मुले देणाऱ्या संस्थांच्या गैरप्रकारांविषयी १९८२ साली एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते पत्रच अर्ज मानले गेले. त्या काळी परदेशी माणसाला इथे दत्तक घेण्याची सरळ वाट नव्हती. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता (त्यात आपण बौद्धही हिंदूंच्याच पंगतीत बसवलेले). सर्वधर्मीयांसाठीचे १९७२ चे विधेयक बारगळले. उरला इंग्रजांचा १८९० चा पालक-पाल्य कायदा. त्याखाली कोर्टाकडून पालकत्व मिळवायचे, मूल देशाबाहेर नेण्याची परवानगी घ्यायची आणि आपल्या देशात जाऊन दत्तक घ्यायचे. विमानात बसलेले ते मूल नव्या आईबापांचे अपत्य नव्हते, नुसते ‘पाल्य’ होते.

न्या. भगवती यांनी या वाटेला कुंपण घातले. आधी भारतीय कुटुंबाचा शोध, मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच अर्ज, घराची चौकशी, मूल सोडणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी सुमारे तीन महिने. हे मी कमी लेखत नाही. या अटी नसत्या तर मुलांचा उघड बाजार भरला असता.

पण निकालपत्राची भाषा करुणेची आहे, आणि करुणेला कारणे विचारण्याची सवय नसते. दारिद्र्य येते, अविवाहित मातृत्व येते. जात मात्र त्या विवेचनाचा कणा होत नाही. १८९० च्या कायद्यात पालक नेमताना मुलाचे वय, लिंग आणि धर्म पाहायला सांगितले आहे. जातीचा उल्लेख नाही, म्हणून ती नव्हती असे कोण म्हणेल? ‘आधी भारतीय कुटुंब’ हे तत्त्व भारतीय घराचे दार उघडेच आहे असे गृहीत धरते. जुन्या धर्मशास्त्राने दत्तक स्ववर्णातलाच हवा असे सांगितले होते. १९५६ च्या कायद्याने ती अट काढली. माजघरातून ती अजून निघायची आहे. दत्तकाच्या चौकशीला आलेल्या शिकल्यासवरल्या जोडप्याचा पहिला प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे : “मूल कुणाचं?” कळत नसेल तर रंग पाहायचा. परदेशी माणूस हे विचारत नव्हता. यात त्याचे थोरपण फारसे नाही, त्याला जात ठाऊक नव्हती इतकेच.

ठाऊक असून ती ओलांडणारे आपल्याकडे झाले आहेत. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्या आईचे नाव काशीबाई. ते पुसले गेले नाही, दीडशे वर्षांनंतरही आपण ते घेतो. उलट निकालपत्र सांगते की पालकत्वाच्या अर्जाची नोटीस जन्मदात्यांना देऊ नये, वर्तमानपत्रातही छापू नये. हेतू बाईची बेअब्रू टाळण्याचा. तो मला समजतो. पण बेअब्रू करणारा समाज कुठल्याच परिच्छेदात आरोपी म्हणून उभा राहत नाही. त्याची नजर जशी आहे तशी मान्य करून बाईलाच पडद्याआड नेले जाते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने परदेशी दत्तकाला स्वतःची चौकट दिली. पालकत्वाची ती आडवाट आता बंद आहे, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतो. आईबापांच्या फेरविचाराची मुदत मात्र तीन महिन्यांवरून साठ दिवसांवर आली. त्या आडवाटेने गेलेली मुले आता मोठी झाली आहेत. त्यांतली काही परत येतात, संस्थेच्या दारात उभी राहतात आणि आईचे नाव विचारतात. नियम त्यांच्या शोधाला परवानगी देतो, आईची गोपनीयता राखून. कारकून फाइल काढतो. आत मुलाच्या वजनाची नोंद सापडते, लसींची सापडते.