रथाची उपमा आणि आरंभीचा अभ्यासक

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्यास ‘अनात्म’, ‘स्कंध’, ‘प्रज्ञप्ती’ हे शब्द बहुधा व्याख्येतून शिकविले जातात. व्याख्या पाठ होते; परंतु तो शब्द कोणत्या शंकेचे उत्तर म्हणून आला, हे कळत नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पालि ग्रंथातील रथाच्या उपमेची प्राथमिक विवेचनात पुष्कळदा अशीच गत होते. संवादातून सोडवून ती एकटीच पुढे ठेवली जाते.

मूळ प्रसंग पाहावा. ‘नागसेन’ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे, त्यामागे कोणी पुद्गल सापडत नाही, असे भदंत नागसेन सांगतात. ग्रीक राजा मिलिंद तत्काळ हरकत घेतो. पुद्गलच नसेल तर चीवर कोण स्वीकारतो, शील कोण पाळतो, हत्या केल्यास दोष कोणाचा? केस, नखे, वेदना, विज्ञान यांपैकी नागसेन कोणता? हे सर्व मिळून की याहून वेगळा? रथ येतो तो यानंतर. राजाचीच प्रश्नपद्धती नागसेन त्याच्या वाहनाला लावतात. आस, चाके, दांडी यांपैकी रथ कोणता? अखेरीस या अवयवांच्या आधारे ‘रथ’ हे नाव पडते, असे राजा स्वतःच म्हणतो. संयुत्तनिकायात भिक्खुनी वजिरा यांनी हीच उपमा योजली आहे आणि नागसेन त्यांचा हवाला देतात.

येथेच थांबणारा विद्यार्थी ‘म्हणजे कोणीच नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि उच्छेदवादाकडे वळतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसून अपुऱ्या पाठाचा आहे. शिवाय या उपमेला मर्यादा आहे. वस्तू कशाची घडली हे रथ दाखवितो. ती काळातून कशी पुढे जाते, हे दाखवीत नाही. त्यासाठी ग्रंथकाराने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला आहे. पहिल्या प्रहरातील ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते, परंतु अन्यही नसते.

राजाच्या नैतिक शंकेचे उत्तर तर आंब्याच्या दृष्टांतात आहे. ‘मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे’ असे म्हणणारा चोर सुटत नाही. कारण नेलेली फळे लावलेल्या आंब्यांवाचून झालीच नसती. कर्माचे उत्तरदायित्व नित्य आत्म्यावाचूनही टिकते, ते या कार्यकारणसंबंधामुळे.

म्हणून अध्यापनाचा क्रम राजाची हरकत, रथ, दिवा, आंबा असा असावा. अमूर्त कल्पना समजली की नाही, याची कसोटीही यातच आहे. विद्यार्थ्याला ती कल्पना काय नाकारते आणि काय नाकारीत नाही, हे स्वतःच्या उदाहरणाने सांगता आले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९५० साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनांचे नाव आहे, तर महाविद्यालयाला मिलिंदाचे. उत्तर देणाऱ्याइतकाच प्रश्न विचारणाराही तेथे स्मरणीय ठरला आहे. आपल्या पाठ्यक्रमांनीही मिलिंदाच्या हरकतीला तेच स्थान द्यावे.